गिरजाबाई आणि छातीचा फोटो

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही तुमसरजवळच्या आमच्या गावच्या शाळेतलं. अक्षर वेडंवाकडं आहे, आणि वेलांटी पहिली कुठे, दुसरी कुठे, ते मला तेव्हाही जमलं नाही. कुणाच्या हाती हे कागद लागलेच तर सांभाळून घ्यावं. मला बोलायची भीड वाटते. चार बायका जमल्या तरी मी भाजी निवडत नुसती ऐकत असते. म्हणून हे बोलत नाही, लिहिते आहे. माझी मोठी जाऊ गिरजाबाई गेल्या, त्याला महिना उलटून गेला…

त्या दिवशी मी शहरात, तात्यापाऱ्यात होते. तिथल्या एका मराठी घरी मी पोळ्या करते. हात कणकेत होते आणि फोन वाजला. त्या घरच्या काकूंनीच तो उचलून माझ्या कानाला लावला. पलीकडे सोनू होती, गिरजाबाईंची, म्हणजे आमच्या बाईंची नात, पहिलीत जाणारी. तिचे आईबाप कामासाठी सुरतेला असतात, म्हणून ती आजीजवळ राहते. ती रडत नव्हती.

"छोटी आजी, आजी उठ नहीं रही है. मैंने पानी भी छिड़का."

"हात लावून पाह्य बरं बेटा, आंग गरम हाय का?"

"ठंडा है." मग तीच म्हणाली, "डॉक्टर को बुलाऊँ क्या?"

बाई गेल्या हे तर कळलंच होतं. पण आमच्या घरातलं लेकरू आपणहून डॉक्टरचं नाव घेतं आहे, हे ऐकून मला कसंसंच झालं. कारण डॉक्टरला दाखवायचं की नाही, या एका गोष्टीवरून आमच्या घराने जे भोगलं, ते मला माहीत होतं. बाईंना तर माझ्याहून जास्त माहीत होतं.

आम्ही दोघी जावा मागेपुढे इकडे हिंदी मुलखात, सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या वस्तीत आलो. दोघा भावांच्या बायका, शेजारी शेजारी खोल्या. माझा नवरा आता शहरात तेलीबांध्याला एका दुकानावर चौकीदार आहे, पण तेव्हा दोघेही भाऊ स्पंज आयर्नच्या कारखान्यात होते आणि आम्ही दोघी तिथेच ठेकेदाराकडे झाडायला. फिरत्या पट्ट्याखाली सांडलेला माल झाडायचा, घमेल्यात भरायचा, नेऊन टाकायचा. नाकावर पदर बांधलेला असायचा, पण घरी येऊन नाक शिंकरलं की काळंच निघायचं. दोरीवरचं पांढरं लुगडं संध्याकाळी राखाडी व्हायचं. तळ्याच्या पाण्यावर साय धरावी तशी धूळ धरायची. बाई म्हणायच्या, "वत्सले, आपल्याले काजळ इकत घ्या लागत नाही, पाह्य. डोये मिटले का लागलं." आम्ही हसायचो. तरुण होतो, छातीचं कोण बघतो!

कारखान्याची एक पांढरी गाडी दरवर्षी यायची. त्यात कारखान्याचाच डॉक्टर. रांगेत उभं करून वजन करायचे, नळीत जोरात फुंकायला लावायचे, दंडातून रक्त काढायचे आणि छातीचा फोटो काढायचे. कागद मात्र कुणाला मिळाला नाही. काय निघालं असं विचारलं की "सब ठीक है, जाओ, अगला." बाईंचे मालक, म्हणजे माझे भासरे, थोरले दीर, खोकायला लागले तेव्हा त्या डॉक्टरने त्यांना विचारलं, "बीड़ी पीते हो?" ते म्हणाले, "नहीं साहब." डॉक्टर म्हणाला, "पीते होगे." आणि लाल औषधाची बाटली दिली. घरी आल्यावर बाई कितीतरी वेळ बडबडत होत्या, "सारा संसार झाला, यायले बिडी वढतांना म्या नाही पाह्यलं. डाक्टरनं पाह्यलं! मंग त्यानंच आणून देली असंल."

त्याच वर्षी गाडी येऊन गेल्यावर भासऱ्यांचा गेटपास पुन्हा बनला नाही. कारण सांगितलं नाही. नुसतं, "आराम करो, चाचा." ते घरी बसून लाल औषध पीत राहिले. डॉक्टरने सब ठीक म्हटलं आहे, मग दुसऱ्याकडे कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. चालता येईना तेव्हा शहरात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हे फार जुनं आहे, आधी कधी फोटो काढला नव्हता का? बाई म्हणाल्या, "दर सालले काढत होते." मग तो फोटो मागायला त्या कारखान्याच्या फाटकावर गेल्या. दिवसभर उन्हात बसल्या. संध्याकाळी एक बाबू बाहेर आला आणि म्हणाला, "वो कंपनी का रिकॉर्ड है, आपको नहीं मिलेगा."

भासरे गेल्यावर बाईंनी झाडणं सोडलं. घराजवळ भाजी घेऊन बसू लागल्या. पुढे मीही सोडलं आणि पोळ्यांची कामं धरली. फाटकावरच्या त्या दिवसापासून बाईंसाठी सगळे डॉक्टर एका घरचे झाले. कारखान्याचा, सरकारी, खाजगी, सगळे. "थे आपल्याले बरं करासाठी नाही पाहत," त्या म्हणायच्या, "कितीक दिवस कामात येऊ, थे पाहतात." ही एकट्या बाईंची गोष्ट नव्हती. आमच्या सगळ्या गल्लीचंच हे झालं होतं. ज्याची छाती खराब निघाली त्याचा पास गेला, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून गाडी दिसली की आमच्याकडे कुलपं लागायची. टोकाच्या घरची एक म्हातारी होती, ती बाहेरून सगळ्यांच्या दारांना कुलपं घालायची, किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचायची आणि तळ्यावर जाऊन बसायची. आत माणसं चूप. बाहेरून पाहिलं तर गल्ली कामावर गेलेली.

सोनूला खोकला लागला तो गेल्या वर्षी. आधी मला वाटलं थंडीचा आहे. पण लेकरू वाळायला लागलं, संध्याकाळी अंग कोमट असायचं, भात पुढे सरकवून द्यायची. मी म्हटलं, "बाई, एकडाव दाखवून पाहू ना." बाई म्हणाल्या, "कोणाले दाखवतं? ज्यायनं आजा खाल्ला त्यायले नात दाखवू?" रोज जाता येता तो खोकला भिंतीतून ऐकायचा आणि गप्प बसायचं, असं चाललं होतं.

मग ती दुपार आली. मला सुट्टी होती. बाई, सोनू आणि मी बाईंच्या खोलीत शेंगा सोलत होतो. बाहेर कुणीतरी "गाडी, गाडी" म्हणत पळालं आणि आम्ही काही बोलायच्या आत दाराला कुलूप लागलं. खिडकी बाईंनी ओढून घेतली. सोनूला मांडीवर घेतलं, तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. गल्लीत चपलांचे आवाज जवळ यायला लागले. कुणी पुरुष हाक देत होता, "कोई है? बच्चों की खाँसी की जाँच है, मुफ़्त है." आमच्या दाराशी तो थांबला. कुलूप हलवून पाहिलं. सोनूला खोकला आला. बाईंनी तिचं तोंड आपल्या छातीशी दाबलं. लेकराचे खांदे आतल्या आत उडत होते. आणि तेवढ्यात बाईंनाच उबळ आली. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण आवाज निघू दिला नाही. आजी आणि नात, दोघी एकमेकींना धरून अशा हलत होत्या… मी पाहत होते. मला वाटलं आता यातली एक माझ्यासमोर जाईल.

बाहेर मितानिनचा आवाज आला. मितानिन म्हणजे इथली गावोगावची आरोग्याची बाई. ती ओरडून सांगत होती, "ये कंपनी के नोहे ओ, सरकारी ए! निकलो न!" मी बाईंकडे पाहिलं. त्या तोंडातला पदर काढून कुजबुजल्या, "गाडी तं पांढरीच हाय." आणि मान हलवली. मी उठले नाही. उठून तरी काय, कुलूप बाहेरून होतं. चपला लांब गेल्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि तोही गेला.

तेव्हा सोनूने मान वर केली. चेहरा निळसर पडला होता. ती हळूच म्हणाली, "आजी, अब खाँस लूँ?"

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की मला अजून ते डोळे दिसतात. "खोक, माय," त्या म्हणाल्या, "खोक तू." आणि सोनू इतकी खोकली की सगळा गूळ, सगळ्या शेंगा उलटून पडल्या. किल्लीवाली म्हातारी तळ्यावर कुणाशी तरी गप्पा हाणत बसली होती, ती लवकर आलीच नाही. बाई जमीन पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी कामाला निघत होते तर बाई दारात उभ्या. सोनूची वेणी घातलेली, अंगात दिवाळीचा फ्रॉक. म्हणाल्या, "चाल. पर फोटू मी हातात घेईन. नाही देला तं तिथंच बसीन, पोलीस आणू दे."

शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जाईपर्यंत बसमध्ये त्या हेच घोकत होत्या, काय बोलायचं, कसं भांडायचं. सोनूचा फोटो निघाला. आम्ही खिडकीशी उभ्या राहिलो. आतल्या माणसाने नाव पुकारलं, पाकीट पुढे टाकलं आणि म्हणाला, "अम्मा, ये अपने पास रखना. डॉक्टर को दिखाओ. गुमाना मत."

बाई म्हणाल्या, "हमको?"

"पोती आपकी है न? तो और किसको दूँ?"

मला वाटलं बाईंना बरं वाटेल. पण त्या बाकावर जाऊन बसल्या आणि त्यांचा संशय जास्तच वाढला. "एवढ्या लवकर देला? खोटा तं नाही? दुसऱ्याच्या पोट्टीचा तं नाही?" नाव इंग्रजीत होतं. शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीकडून वाचून घेतलं. मग फिल्म पाकिटातून ओढून उजेडाला धरली आणि मला जवळ ओढलं. "वत्सले… पाह्य. काय्यं काय्यं. येवढ्याश्या जीवात येवढी धूळ." मीही पाहिलं. खरंच, छातीच्या दोन्ही बाजू काळ्याकुट्ट. आम्हाला दुसरं काय वाटणार? आमचं सगळं आयुष्यच त्या काळ्यात गेलेलं. आम्ही दोघी बाकावर हात धरून बसलो. सोनू आमच्याकडे टकमक बघत राहिली.

डॉक्टरीण तरुण होती, चष्मेवाली. बाईंनी फिल्म तिच्या हातात दिली, पण एक कोपरा सोडला नाही. डॉक्टरीण म्हणाली, "अम्मा, काला तो हवा है. काला अच्छा है. ये जो सफ़ेद दिख रहा है न, यहाँ, तकलीफ़ यहाँ है." तिने बोट ठेवून दाखवलं. आणखी तपासण्या झाल्या. टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या तर लेकरू बरं होईल, पण एकही दिवस चुकवायचा नाही, असं तिने निक्षून सांगितलं.

आमची परीक्षा खरी पुढेच होती. गोळी सुरू केली त्याच दिवशी सोनू बाहेरून ओरडत आली, "आजी, मेरा सूसू संतरे जैसा आ रहा है!" मी कामावरून परतले तर बाईंनी गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवलेलं. "पाह्यलं? रगत जाऊन राह्यलं पोट्टीचं. त्यायलेबी लाल औषद देलं होतं, इलेबी लालच." मी म्हटलं, "बाई, एक दिवस चुकवू नका म्हनलं हाय डाक्टरनीनं." माझा आवाज चढला. आयुष्यात त्यांच्यासमोर पहिल्यांदा चढला. त्या म्हणाल्या, "तू बी त्यायच्यातच मिळाली का वं?"

ते मला फार लागलं. पण मी तशीच उठले आणि मितानिनला बोलावून आणलं. तिने सोनूला तपासलं, हसली आणि म्हणाली, "हव, रंग तो आथे. गोली के रंग ए, खून नोहे." सगळ्यांना येतो, ती म्हणाली, त्यात भ्यायचं काही नाही. मला वाटलं, सुटलो. पण बाईंचा चेहरा आणखी घट्ट झाला.

"तुले माहीत होतं," त्या तिला म्हणाल्या. "डाक्टरनीले माहीत होतं. साऱ्यायले माहीत होतं. मंग हिच्या आजीलेच काहून नाही सांगतलं?"

तिने उत्तर द्यायच्या आतच बाई म्हणाल्या, "उद्या जाते अन् इचारते. तवरक गोळी नाही."

सकाळी पहिल्या बसने आम्ही गेलो. डॉक्टरीण रागावली, दोन शब्द तोडून बोलली, तर बाई कधीच परत येणार नाहीत आणि सोनूच्या गोळ्या डब्यातच राहतील, हे मला दिसत होतं. रांग सोडून बाई सरळ आत शिरल्या. मागचे लोक ओरडले. बाईंनी टेबलावर हात ठेवला आणि मराठी-हिंदी एक करून विचारलं, "लाल पानी आता हे, तुमको मालूम था ना? फिर हमको काय को नाही बताया? हमारे आदमी को बी किसीने नाही बताया. मर गया."

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं. ती उभी राहिली. म्हणाली, "अम्मा, बताना चाहिए था. मुझसे रह गया. ग़लती मेरी है."

बाई तशाच उभ्या. पुढचं सगळं भांडण तोंडात तयार होतं, ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. मग डॉक्टरिणीने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि एकेक गोळी हातात घेऊन सांगितलं, ही कशाची, हिने काय होईल, काय झालं तर घाबरायचं आणि काय झालं तर नाही. परतताना बसमध्ये बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "चुकली म्हनते. सोताच्या तोंडानं… यायले एकानं जरी असं म्हनलं असतं…" घरी गेल्यावर डब्यात हात घालून पाकीट काढलं, त्याला लागलेले तांदूळ झटकले आणि सोनूला गोळी दिली.

पुढच्या खेपेला त्यांनी आपलाही फोटो काढू दिला. त्यात पांढरं जास्त होतं. डॉक्टरिणीने काही लपवलं नाही. ही कारखान्यातली धूळ आहे, आत बसलेली निघत नाही, त्रास कमी करता येईल, असं सांगितलं. बाईंनी एवढंच विचारलं, "कबसे?" ती म्हणाली, "बरसों से, अम्मा." "मतलब गाडीवालों ने बी देखा होगा?" डॉक्टरीण म्हणाली, "वो फ़ोटो मैंने नहीं देखे, मैं नहीं कह सकती." मला वाटलं बाई चिडतील. पण बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हे पोट्टी बरी हाय. माहीत नाही तं माहीत नाही म्हनते."

शेवटचे महिने त्या भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायच्या. तोंडात ओढायचा पंप डॉक्टरिणीने दिला होता, तो नेमाने ओढायच्या. सोनू मात्र भरत गेली, गालांवर पुन्हा मांस आलं. गोळी देताना बाई रोज तिला विचारायच्या, "हे कायची?" आणि सोनूने सांगितल्याशिवाय पाणी द्यायच्या नाहीत. शेवटच्या काही गोळ्या राहिल्या होत्या, तेव्हा बाई गेल्या. त्या गोळ्या मी दिल्या. मी विचारायला विसरले तर सोनू आपणच सांगायची.

तेरवी झाली, राहिलेल्या गोळ्याही संपल्या आणि परवा मी सोनूला घेऊन दवाखान्यात गेले. सोनू बरी आहे, असं डॉक्टरिणीने सांगितलं. बाई गेल्याचं कळल्यावर तिने चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळली. "आप भी तो वहीं झाड़ू लगाती थीं न?" मी मान हलवली. ती म्हणाली, आज फोटो काढून घ्या, मी आता वॉर्डात जाते आहे, सोमवारी येऊन दाखवा. मी काढला. खिडकीतून पाकीट हातात मिळालं.

आज रविवार आहे. मी बाईंच्या खोलीत बसून लिहिते आहे, पाकीट त्यांच्या खाटेवर पडलं आहे. परवापासून मी ते उघडलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, बाई डॉक्टरांना भितात. गाडीवाल्या माणसांवर त्या रागावल्या होत्या ते खरंच होतं आणि बरोबरच होतं. पण हातात पाकीट धरलं की आत काय निघेल म्हणून जे वाटतं, तेही त्यांना वाटलं असेल. मी हे त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. तरी त्या उठल्या आणि दवाखान्यात गेल्या.

हे लिहीत असताना सोनू आली. पाकीट दिसलं तसं तिने ते उचललं, फिल्म बाहेर ओढली. मी म्हटलं, "ठेव बेटा, उद्या पाहू." ती म्हणाली, "छोटी आजी, मुझे देखना आता है." खाटेवर चढली आणि दोन्ही हातांनी फिल्म खिडकीच्या काचेला लावून उभी राहिली. "इधर आओ न."

मी अजून कागदाकडेच बघते आहे. आता पेन ठेवते आणि वर पाहते.